तिसरीतील मुलीचे अर्धवट राहिलेले भाषण : धुळे जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यातील एका गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा आहे. या घटनेच्या वर्षी पटावर ४३ मुले होती. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे होती. गावाचे नाव येथे दिलेले नाही आणि मुलांची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. बहुतेक घरांत अहिराणी बोलली जाते, काही भिल्ल कुटुंबांत भिली बोलली जाते आणि प्रमाण मराठी मुलांच्या कानावर प्रामुख्याने शाळेत व दूरचित्रवाणीवर पडते. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि त्यांची मुले मार्च-एप्रिलपर्यंत वर्गात नसतात. मी मूळची सातारा जिल्ह्यातील असून येथे रुजू झाले तेव्हा अहिराणीचा एकही शब्द मला समजत नव्हता. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे तिचा अनपेक्षित उपयोग झाला.

शाळेतील भाषणांची पद्धत महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक शाळेसारखीच होती. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक आणि अण्णाभाऊ साठे, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, शिवाय १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. शिक्षकाने किंवा पालकाने दहा-पंधरा ओळी लिहून द्यायच्या, मुलाने आठवडाभर त्या पाठ करायच्या आणि ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ येथून सुरुवात करून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ येथे थांबायचे. वर्षानुवर्षे तीच चार-पाच मुले बोलत. उरलेली मुले ओळीत बसून टाळ्या वाजवत आणि चौथी संपेपर्यंत चारचौघांत एकही वाक्य स्वतःहून न बोलता पुढच्या शाळेत जात.

अडचण

त्या वर्षीच्या २६ जानेवारीला तिसरीतील एका मुलीला प्रथमच भाषण दिले होते. विषय होता नंदुरबारचा शिरीषकुमार; ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘भारत छोडो’ आंदोलनातील मिरवणुकीत पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेला शाळकरी मुलगा. खान्देशातील मुलांना हा विषय जवळचा वाटेल, असा माझा समज होता. भाषण वडिलांनी मोबाईलवरून उतरवून आणले होते. मी ते नजरेखालून घातले, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि पाठ करून घेतले. सरावात तिने ते चार वेळा न अडखळता म्हटले होते.

ध्वजवंदनानंतर गावकऱ्यांसमोर ती पाचव्या ओळीपर्यंत व्यवस्थित आली. ‘इंग्रजांच्या जुलमी राजवटीला’ एवढे म्हणून ती थांबली, मागे गेली, पुन्हा त्याच शब्दांपाशी येऊन थांबली आणि तिसऱ्यांदाही तसेच झाले. मागच्या बाजूला कोणीतरी हसले. मी तिच्या पाठीमागे जाऊन कागदावरील पुढचा शब्द हलक्या आवाजात सांगितला आणि आजही मला वाटते की त्या दिवशीची सर्वांत मोठी चूक तीच होती, कारण तोपर्यंत ज्यांच्या लक्षात आले नव्हते त्यांच्याही आता ध्यानात आले. ती खाली उतरून थेट वर्गात गेली.

त्यानंतर जवळपास महिनाभर तिने परिपाठात सुविचार सांगण्यासही नकार दिला. वाचनात ती वर्गात पुढे होती, परंतु उभे राहून वाचण्याची वेळ आली की आवाज इतका खाली जाई की शेजारच्या मुलीलाही ऐकू येत नसे.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी खिचडीच्या रांगेत ती पाच-सहा मुलींना काही सांगत असल्याचे मी पाहिले. ‘आमनी बकरीले रातले दोन पिल्ला व्हयनात,’ इथून सुरुवात करून एक पिल्लू आधी हालचाल करीत नव्हते, मग आईने त्याला गोणपाटाने कसे पुसले, ते कसे उभे राहिले आणि कसे पडले, हे सर्व ती हातवारे करून, आवाज चढवत-उतरवत सांगत होती. रांग पुढे सरकली तरी मुली सरकल्या नाहीत. वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेत आम्ही आवाज, हावभाव, श्रोत्यांशी नजर आणि क्रमबद्ध मांडणी असे जे रकाने आखतो, ते सारे तिच्याकडे होते. अडचण मुलीत नसून आम्ही तिच्या हाती दिलेल्या कामात आहे, हे मला त्या रांगेत उमगले.

मी तिचे भाषण पुन्हा काढून तिच्यासोबत वाचले. ‘जुलमी’ म्हणजे कोण, असे विचारल्यावर तिने ‘इंग्रजांचा राजा’ असे उत्तर दिले. चौदा ओळींत असे अकरा शब्द निघाले, ज्यांचा अर्थ तिला माहीत नव्हता. अर्थ न कळता पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द केवळ आधीच्या शब्दाच्या आधाराने उभा असतो. मधला एक निसटला की पुढे काय घडले याची आठवण मदतीला येऊ शकत नाही, कारण घडलेले काही मुलाच्या डोळ्यांसमोर नसतेच. म्हणून मूल मागे जाते आणि त्याच जागी पुन्हा अडकते. तिचे तिन्ही वेळा हेच झाले होते.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांशी या विषयावर आमची दोन-तीन वेळा सविस्तर चर्चा झाली. त्यांचे मत होते की भाषण लहान आणि सोपे द्यावे, सराव वाढवावा आणि राष्ट्रीय सणाच्या दिवशी ज्यांची तयारी पक्की आहे त्याच मुलांना उभे करावे. या मताला आधार होता. गावकरी शाळेला वर्षातून दोनदाच पाहतात, त्या दिवशी कार्यक्रम विस्कटला तर पट कमी होण्याची भीती असते, आणि शेजारच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी आमच्या दारावरून जाते. तथापि या मार्गाने चार-पाच मुलांचे भाषण चांगले होईल आणि बाकीच्यांचे काहीच होणार नाही, हेही त्यांनी मान्य केले.

शनिवारी अर्धा तास स्वतंत्र वक्तृत्ववर्ग घ्यावा, असाही विचार झाला. परंतु आठवड्यातून एकदा येणारा तास सर्व मुलांना वाटून दिला तर एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून एक मिनिटही येत नाही, म्हणून तो सोडून दिला.

उरलेला मार्ग म्हणजे भाषणे काही काळ बाजूला ठेवून रोजच्या बोलण्यालाच अध्यापनाचा भाग करणे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात मौखिक भाषाविकास हा पायाभूत साक्षरतेचा घटक मानलेला असल्याने त्यासाठी वेळ काढण्यास अडचण नव्हती. खरा मतभेद अहिराणीबाबत झाला. मुलांना प्रथम घरच्या भाषेत बोलू द्यावे, असे माझे म्हणणे होते. मुख्याध्यापक स्वतः अहिराणीभाषक असूनही त्यांना ते पटत नव्हते, कारण पाचवीला दुसऱ्या शाळेत गेल्यावर ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ म्हटल्याबद्दल ते स्वतः हसण्याचा विषय झाले होते आणि आपल्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये, अशी त्यांची तळमळ होती. शेवटी असे ठरले की अहिराणीत सांगितलेली प्रत्येक गोष्ट मुलाने दुसऱ्या दिवशी मला, म्हणजे अहिराणी न समजणाऱ्या व्यक्तीला, समजेल अशी सांगायची. ही तडजोड पुढे संपूर्ण उपक्रमाचा कणा ठरली.

काय केले

मार्चपासून रोज परिपाठानंतर वीस मिनिटे तिसरी-चौथीची मुले व्हरांड्यात गोल बसू लागली. विषय एकच होता : मॅडमला माहीत नसलेली गोष्ट सांगा. रोज तीन मुले बोलत आणि पहिल्या महिन्यात कोणालाही उभे राहावे लागले नाही. बोलून झाल्यावर लगेच टाळ्या नव्हत्या. आधी दोन श्रोत्यांनी एकेक प्रश्न विचारायचा आणि त्यानंतर टाळ्या वाजवायच्या. हा नियम सर्वांत फलदायी ठरला, असे माझे मत आहे. प्रश्न विचारायचा तर ऐकावे लागते, आणि आपले बोलणे खरोखर ऐकले गेले याचा पुरावा टाळीपेक्षा प्रश्नातून मुलाला अधिक मिळतो. सुरुवातीला ‘किती?’ आणि ‘कधी?’ एवढेच विचारले जाई. ‘मग ते पिल्लू का रडत नव्हते?’ असा पहिला ‘का’ तिसऱ्या आठवड्यात आला.

मुलांनी वस्तूही आणल्या. कापसाचे बोंड, पक्ष्यांना उडवण्याची गोफण, कळण्याच्या भाकरीचा तुकडा. एका मुलीने आई खापरावरचे मांडे कसे करते ते सांगितले. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा, हे शब्दांत नीट येईना, तेव्हा ती स्वतःच उठून उभी राहिली आणि हातांनी करून दाखवू लागली. कोणी न सांगता उभे राहून बोललेली ती पहिली मुलगी. त्यानंतर उभे राहणे आपोआप सुरू झाले, कारण बसून दाखवता येत नाही अशा गोष्टी मुलांकडे भरपूर होत्या.

लिहिलेल्या भाषणाची जागा पाटीवरील तीन चौकटींनी घेतली. आधी काय होते, मग काय झाले आणि शेवटी काय झाले, याची तीन चित्रे मुलाने काढायची आणि ती पाटी हातात धरून बोलायचे. शब्द विसरला तरी चित्र समोर असल्यामुळे पुढे काय सांगायचे ते लक्षात राहत असे आणि सांगण्यासाठी शब्द मूल त्या क्षणी स्वतः शोधत असे. आवाजासाठी ‘मोठ्याने बोल’ ही सूचना मी पूर्णपणे बंद केली. त्याऐवजी एक मूल अंगणातील निंबाखाली उभे राही आणि ऐकू आले की हात वर करी. बोलणाऱ्याची नजर त्या हाताकडे लागली की मान वर होई आणि आवाजही आपोआप मोकळा होई.

भाषेचे काम दुसऱ्या दिवशी होत असे. आदल्या दिवशी अहिराणीत सांगितलेली गोष्ट मला सांगताना मूल ‘वावर’ म्हणे, मी प्रामाणिकपणे अडत असे आणि वर्गातील कोणीतरी ‘शेत’ असा शब्द पुरवत असे. फळ्याच्या डाव्या बाजूला ‘वावर’ आणि ‘शेत’, ‘आंडेर’ आणि ‘मुलगी’ अशा जोड्या वाढत गेल्या. त्यांतील एकही शब्द चूक म्हणून खोडला नाही. श्रोता बदलला की शब्द बदलावा लागतो, ही जाण मुलांना माझ्या अडण्यातून आली आणि व्याख्यान देऊन ती मला देता आली नसती.

दुसऱ्या महिन्यात बकरीच्या त्या मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन स्पष्ट विचारले, ‘मॅडम, अहिराणी ती घरी बोलतेच. तिला शाळेत आम्ही मराठी शिकायला पाठवतो.’ हा आक्षेप योग्यच होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या किंवा स्थानिक भाषेत असावे असे म्हटले आहे, हे मी त्यांना सांगितले, पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही. मग त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले आणि तीच बकरीची गोष्ट ती मला मराठीत सांगत असताना मागे बसवले. ती तीन-चार ठिकाणी अडली, एकदा खाली पाहिले, पण शेवटपर्यंत बोलली. ते काही न बोलता गेले आणि पुन्हा आक्षेप घेतला नाही.

एका मुलाबाबत झालेली चूक

चौथीतील एक मुलगा अडखळत बोलत असे. शब्दाचे पहिले अक्षर त्याच्याकडून पुन्हा पुन्हा उच्चारले जाई. त्याला त्रास होऊ नये म्हणून मी त्याचा शब्द पूर्ण करीत असे. माझे पाहून वर्गही तसेच करू लागला. एप्रिलमध्ये पालकांना दाखवण्यासाठी मी मोबाईलवर केलेले चित्रण घरी पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्या मुलाचे एकही वाक्य त्याचे स्वतःचे राहिले नव्हते आणि तो आता एका शब्दातच उत्तरे देत होता.

गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांशी बोलल्यावर काही गोष्टी स्पष्ट झाल्या. अडखळण्याची सुरुवात बहुधा दोन ते पाच या वयात होते, ते मुलग्यांत अधिक आढळते आणि बहुसंख्य मुलांत पुढे आपोआप थांबते. परंतु नऊ वर्षांच्या मुलात ते टिकून असेल तर वाट पाहत न बसता वाचा-उपचार तज्ज्ञांकडे पाठवावे. ‘सावकाश बोल’, ‘घाबरू नकोस’, ‘श्वास घे’ या आपण मायेने दिलेल्या सूचना मुलाचे लक्ष अडखळण्यावरच खिळवतात. त्याच्याकडे शांतपणे पाहत त्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे आणि त्याने काय सांगितले यालाच उत्तर देणे, एवढेच वर्गाने करायचे असते. वर्गासाठी मी नियम केला की कोणाचाही शब्द कोणी पूर्ण करायचा नाही आणि नियम सर्वांना असल्यामुळे तो मुलगा वेगळा पडला नाही. त्याच्या पालकांना जिल्हा रुग्णालयात जाण्याविषयी सांगितले. ते जाऊ शकले ते सुट्टी लागल्यानंतर.

केंद्रस्तरीय स्पर्धेचा निर्णय

पुढील शैक्षणिक वर्षी केंद्रस्तरीय वक्तृत्व स्पर्धेत लहान गटातून कोणाला पाठवायचे, हा प्रश्न आला. ती मुलगी आता चौथीत होती आणि जायला तयार होती. परीक्षणाच्या निकषांत पाठांतराला वेगळे गुण होते. लिहिलेले भाषण पाठ करून घेतले असते तर क्रमांकाची शक्यता वाढली असती, परंतु वर्षभराचे काम आम्हीच खोटे ठरवले असते. मुख्याध्यापकांनी मार्ग सुचवला : पहिले आणि शेवटचे वाक्य पक्के पाठ असावे, मधला भाग तिने तीन चित्रांच्या आधाराने स्वतः बोलावा. सुरुवातीच्या क्षणी भीती सर्वाधिक असते आणि शेवट माहीत नसला की मूल बोलणे लांबवत राहते, म्हणून ही दोन टोके बांधून देणे मला आजही योग्य वाटते.

‘माझे गाव’ या विषयावर ती साडेतीन मिनिटे बोलली. क्रमांक आला नाही. परीक्षकांनी उच्चारांकडे लक्ष द्यावे असे सांगितले, कारण ती दोनदा ‘वावर’ म्हणाली होती. परत येताना तिने मला विचारले की समोर बसलेल्या सर्वांना ‘वावर’ समजत होते, मग तो शब्द का बदलायचा? मी तिला सांगितले की तुझा प्रश्न बरोबर आहे आणि स्पर्धेचा नियम वेगळा आहे. याहून प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नव्हते.

परिणाम

पुढच्या २६ जानेवारीला चार-पाच ठरलेल्या मुलांऐवजी तिसरी-चौथीतील अकरा मुले प्रत्येकी मिनिटभर बोलली. या मुलीने विषय स्वतः निवडला आणि तो शिरीषकुमारच होता. ‘तो आपल्या दादाएवढा होता आणि त्याच्या हातात झेंडा होता,’ अशी तिने सुरुवात केली. मध्येच ती थांबली. पुढे जाऊन शब्द सांगण्यासाठी मी एक पाऊल उचलले होते, ते तेथेच रोखले. तिने पाटीकडे पाहिले, ‘थांबा, मला आठवतं,’ असे गावकऱ्यांनाच सांगितले आणि पुढे बोलू लागली. कोणी हसले नाही.

सर्वच मुलांचे असे झाले नाही. चौथीतील एका मुलाचे पाठ केलेले भाषण पूर्वी उत्तम होई. त्याला स्वतःच्या शब्दांत बोलणे अखेरपर्यंत आवडले नाही. त्याला पाठांतरातच आनंद होता. मी त्याला बराच काळ त्यापासून दूर ठेवले, ते करायला नको होते. कविता किंवा उतारा अर्थ समजून पाठ म्हणणे हेही एक कौशल्य आहे आणि त्यासाठी गोलात जागा असायला हवी होती. अडखळणाऱ्या मुलाचे अडखळणे थांबले नाही, मात्र तो पुन्हा पूर्ण वाक्ये बोलू लागला आणि चौथी संपताना त्याने ट्रॅक्टरचे चाक कसे बदलतात हे सहा मिनिटे सांगितले.

वेगळे काय करता आले असते

कोणत्याही मुलाचे पहिले जाहीर बोलणे संपूर्ण गावासमोर असू नये, ही गोष्ट त्या पहिल्या जानेवारीपूर्वीच कळायला हवी होती. आधी चौघांसमोर, मग वर्गासमोर, मग दुसऱ्या वर्गासमोर आणि त्यानंतर गावासमोर, अशी पायरी आम्ही दुसऱ्या वर्षी बांधली. पालकांची सभाही उपक्रम सुरू होण्यापूर्वी घ्यायला हवी होती. वडिलांचा आक्षेप आला तेव्हा उत्तर द्यायला एक मुलगी तयार होती. ती नसती तर उपक्रम तेथेच थांबला असता.

ऊसतोडीला गेलेली सहा मुले एप्रिलमध्ये परतली, तेव्हा बाकीचे सगळे उभे राहून बोलत होते आणि ही मुले मागे बसून राहिली. त्यांच्याकडे फडावरची पहाट, कारखान्याची रांग, कोपीवरचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवरचा, स्वयंपाक असे कितीतरी होते, जे ना मला माहीत होते ना वर्गाला. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यासाठी परतल्याचा पहिला आठवडा राखून ठेवला, पण पहिल्या वर्षीची ती संधी गेली.

सर्वांत जास्त सलणारी बाब भिल्ल वस्तीवरील दोन मुलांची आहे. घरच्या भाषेत बोला, असे मी सांगत होते, तेव्हा प्रत्यक्षात वर्गात अहिराणीलाच जागा मिळत होती. त्यांची भिली ना मला समजत होती ना इतर मुलांना, आणि ती दोघे कित्येक महिने गप्प राहिली. त्यांचे गप्प राहणे मी लाजाळूपणा समजले. यंदा जूनमध्ये गोल पहिल्यांदा बसला तेव्हा त्यांच्यापैकी धाकट्याच्या आजीला शाळेत बोलावले होते. तिने भिलीत गोष्ट सांगितली, वर्गातील कोणालाच ती पूर्ण कळली नाही आणि मग सगळ्यांसाठी ती मराठीत सांगायला तो मुलगा उभा राहिला.